फोन उंच झाला हो, रुंद कुठं झाला?

गणपतीत कराडला आत्याकडे गेलो होतो, तर आरती संपायच्या आतच आत्यानं विषय काढला, "अरे मला नवीन फोन घ्यायचाय, ह्याच्यावर अक्षरंच दिसत नाहीत, चाळिशी लावली तरी व्हॉट्सॲप वाचायला डोळे बारीक करायला लागतात, मोठ्या स्क्रीनचा बघ एखादा, पण हातात मावला पाहिजे हं, मागच्या वेळी तुझ्या भावाला तू सांगितलास तो पाटाच निघाला नुसता."

आता घरात कुणाला फोन घ्यायचा असला की मला विचारायचं ही पद्धतच पडलीय, त्यामुळं संध्याकाळी गेलो आत्याला घेऊन दुकानात. आत्याचा जुना फोन साडेपाच इंची, दुकानदारानं काढून दाखवला ६.७ इंची, "मावशी एकदम मोठ्ठा डिस्प्ले, पिक्चर बघा नाहीतर कायपण बघा". मी सहज दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. आणि गंमत बघा, दोन्हींची रुंदी जवळजवळ सारखीच! नव्याची स्क्रीन दोन बोटं उंच होती, बाकी काही नाही. आत्याचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन्हीवर उघडून बघितला तर अक्षरं पण तेवढीच. आत्या माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे सव्वा इंच जास्तीचा कुठं गेला?

तर तो गेला कुठं तेच सांगतो. ह्या एका प्रश्नात स्मार्टफोनच्या स्क्रीनचा गेल्या पंधरा-अठरा वर्षांचा इतिहास, आपल्या हाताची मापं, बॅटरी, कंपन्यांचा धंदा असं बरंच काही अडकलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फोनचा जो इंच सांगतात तो रुंदीचाही नसतो आणि उंचीचाही नसतो, तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा तिरका असतो, म्हणजे शाळेतल्या आयताचा कर्ण. ही सवय जुन्या टीव्हीपासूनची, सुरुवातीच्या पिक्चर ट्यूब गोल असायच्या तेव्हा ट्यूबचा व्यास सांगायचे, नंतर स्क्रीन चौकोनी झाली आणि व्यासाच्या जागी कर्ण आला. टीव्हीचं ठीक होतं कारण एका काळातल्या सगळ्या टीव्हींचा आकार सारखाच असायचा, कर्ण कळला की टीव्ही कळला. फोनचं तसं नाही. प्लॉटवाला जर म्हणाला की प्लॉटचा कर्ण शंभर फूट आहे तर तुम्ही घ्याल का? तुम्ही विचारणार ना की बाबा फ्रंट किती आणि खोली किती, लांबलचक पट्टी आहे का व्यवस्थित चौकोनी आहे. फोन घेताना मात्र कुणी विचारत नाही.

हिशोबच करून बघू. जुना साडेपाच इंची फोन १६:९ आकाराचा, म्हणजे उंची १६ भाग तर रुंदी ९ भाग. त्याची स्क्रीन साधारण ६८.५ मिलीमीटर रुंद आणि १२२ मिलीमीटर उंच येते. आत्ताचा ६.७ इंची फोन बहुतेक २०:९ असतो, त्याची स्क्रीन येते जेमतेम ७० मिलीमीटर रुंद आणि १५५ मिलीमीटर उंच. रुंदी वाढली दीड मिलीमीटरसुद्धा नाही, उंची वाढली सव्वातीन सेंटीमीटर! आणि हाच ६.७ इंच जुन्या १६:९ आकारात बनवला असता तर नुसती स्क्रीनच ८३ मिलीमीटर रुंद झाली असती, कडा आणि कव्हर वेगळंच, म्हणजे आत्याच्या भाषेत खराखुरा पाटा.

म्हणजे कंपन्यांनी फसवलं का? तसंही म्हणता येत नाही, क्षेत्रफळ खरंच वाढलंय, साधारण तीस टक्के. पण ते सगळं वरच्या मजल्यावर वाढलंय, खालची जागा तेवढीच.

हे असं का झालं त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. २००७ साली पहिला आयफोन आला तो साडेतीन इंची, आणि तेव्हा लोकांना तो मोठ्ठा वाटला होता, कारण तोपर्यंत हातात जे फोन होते त्यांची अर्धी जागा कळांनी खाल्लेली असायची. मग अँड्रॉइडवाले हळूहळू वाढवायला लागले, चार इंच, ४.३ इंच. २०१० च्या जुलैमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सला एका पत्रकार परिषदेत मोठ्या फोनबद्दल विचारलं तर तो म्हणाला की असला फोन मुठीत धरता येत नाही, कोण घेणार तो. जॉब्स बऱ्याच गोष्टींत बरोबर निघाला, ह्यात सपशेल चुकला. २०११ मध्ये सॅमसंगनं ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला आणि लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, कानाला शाळेची पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणून. फोन आणि टॅब्लेट मिळून 'फॅब्लेट' असा एक शब्दही काढला होता, आठवतोय का कुणाला? आता तो शब्द मेला, कारण सगळेच फोन फॅब्लेट झाले आणि वेगळं नाव द्यायला काही उरलंच नाही.

ॲपल मात्र अडून बसलेलं. २०१२ ला आयफोन ५ काढला तो चार इंची, आणि तोही फक्त उंच केला, रुंदी तेवढीच ठेवली. वर जाहिरात केली ती चक्क अंगठ्याची, की तुमचा अंगठा इथपासून इथपर्यंत पोचतो, स्क्रीनपण तेवढीच. दोन वर्षांनी ह्याच कंपनीनं ४.७ आणि ५.५ इंची आयफोन ६ आणि ६ प्लस काढले आणि अंगठा वर पोचत नाही म्हणून सगळी स्क्रीनच खाली ओढायची सोय त्यात घातली. अंगठा तोच, ज्यानं जाहिरात केली होती तो.

आता इथं एक तुलना सांगतो ती मला स्वतःला फार आवडते. आयफोन ६ प्लस, २०१४ चा, स्क्रीन ५.५ इंच, अख्ख्या फोनची रुंदी ७७.८ मिलीमीटर, उंची १५८.१. आयफोन १६ प्रो मॅक्स, २०२४ चा, स्क्रीन ६.९ इंच, फोनची रुंदी ७७.६, उंची १६३. दहा वर्षांत स्क्रीन १.४ इंचांनी वाढली आणि फोन रुंदीला उलटा केसभर कमीच झाला, उंचीला फक्त पाच मिलीमीटर वाढला. आणि ज्या गॅलेक्सी नोटला लोक हसले तो ५.३ इंची फोन होता तब्बल ८३ मिलीमीटर रुंद! म्हणजे आज खिशात ६.९ इंच घेऊन फिरणारा माणूस तेव्हाच्या नोटपेक्षा अरुंद फोन घेऊन फिरतो. वजन मात्र वाढलं बरं का, नोट १७८ ग्रॅमचा होता, प्रो मॅक्स २२७ ग्रॅमचा. रात्री झोपून बघताना नाकावर पडला की हे ५० ग्रॅम कळतात.

मग एवढी स्क्रीन आली कुठून? जुन्या फोनच्या कपाळावर आणि हनुवटीवर, म्हणजे स्क्रीनच्या वर-खाली जी मोकळी जागा असायची ना, वर स्पीकर आणि सेल्फी कॅमेरा, खाली गोल होम बटण, ती गेली. साडेपाच इंची ६ प्लसमध्ये उंचीतले साडेतीन सेंटीमीटरहून जास्त असेच बिनस्क्रीनचे होते. २०१७ हे वर्ष ह्या बाबतीत महत्त्वाचं, त्या वर्षी एलजी जी६ आला १८:९ चा, सॅमसंग गॅलेक्सी एस८ आला १८.५:९ चा, वर्षाच्या शेवटी आयफोन एक्स आला आणि होम बटण गेलं, बोटानं वर सरकवायचं सुरू झालं. वाड्याची ओसरी आणि मागचं परसू आत घेऊन खोल्या वाढवतात तसंच केलं, प्लॉट तेवढाच.

थोडक्यात, रुंदीची वाढ साधारण २०१४ च्या आसपासच थांबली, कारण तिथं हात आडवा आला. अक्षरशः. फोन मुठीत धरायला रुंदी लागते, उंची नाही, पट्टी कितीही लांब असली तरी मुठीत बसते, पाट मात्र बसत नाही. हे एकदा कळलं आणि कंपन्यांना मार्ग सापडला, रुंदी सोडा, उंची वाढवा, इंच तर कर्णाचाच मोजायचाय, आकडा वाढतोच.

उंचीचा त्रास वेगळाच. २०१३ मध्ये स्टीव्हन हूबर नावाच्या डिझायनरनं रस्त्यात, स्टेशनवर, दुकानात लोक फोन कसा धरतात ते नुसतं उभं राहून बघितलं, १,३३३ नोंदी केल्या, आणि जे लोक स्क्रीनला बोट लावत होते त्यातले ४९ टक्के एकाच हातानं वापरत होते. आपल्याकडं सकाळच्या लोकलमध्ये बघा, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, दोन हातांची चैन परवडतेच कुणाला. मग वरच्या कोपऱ्यातलं काही दाबायचं म्हणजे करंगळी फोनखाली टेकवायची, फोन तळहातावर सरकवायचा, आणि शेजारच्यानं धक्का दिला की गेला. म्हणून ॲपवाल्यांनी हळूहळू सगळी बटणं खाली आणली. आठवा, पूर्वी मेनू वर असायचे, आता खालच्या पट्टीत असतात. २०२१ मध्ये ॲपलनं त्यांच्या सफारी ब्राउझरचा पत्ता टाकायचा रकाना खाली आणला तेव्हा लोकांनी बोंब मारली, आता सवय झाली. म्हणजे स्क्रीनचा वरचा भाग फक्त बघायला आणि खालचा हात लावायला, अशी वाटणीच झालीय. थोडंफार जुन्या कळांच्या फोनसारखं झालं की हे, वर स्क्रीन आणि खाली बटणं!

आता व्हिडिओचं बघू, कारण 'मोठी स्क्रीन कशाला' विचारलं की दहातले आठ जण म्हणतात मॅच बघायला, पिक्चर बघायला. मॅच येते १६:९ मध्ये, कारण टीव्ही तसाच असतो. तुमचा फोन २०:९. आडवा केला की दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात, बरोबर? त्या पट्ट्या वजा केल्या तर ६.७ इंची फोनवर मॅच दिसते ती साधारण ५.६ इंची. परत वाचा. २०१४-१५ च्या साडेपाच इंची फोनवर काठोकाठ साडेपाच इंच मॅच दिसायची, आज ६.७ वर ५.६ दिसते. बोट लावून ताणून भरता येते स्क्रीन, पण मग वरखालचं कापलं जातं आणि स्कोअरच अर्धा गायब होतो. चित्राचा दर्जा, रंग, उजेड हे सगळं प्रचंड सुधारलंय त्यात वाद नाही, आकार म्हणाल तर तिथंच आहोत. हां, रील्सना आणि उभ्या व्हिडिओंना उंची उपयोगी पडते, आणि लांबच लांब चॅटला, बातम्या वाचायला, कीबोर्ड उघडल्यावर वर थोडीफार जागा उरायला. म्हणजे फोन उंच झाला तो आपण फोन उभाच धरून बसतो म्हणून, आणि उभा फोन झाला म्हणून सगळं उभंच यायला लागलं, कोंबडी आधी की अंडं ते तुम्ही ठरवा.

आत्याच्या अक्षरांचं कोडं पण ह्यातच आहे. ॲपमध्ये अक्षर किती मोठं दिसायचं ते स्क्रीन किती इंची आहे त्यावर थेट ठरत नाही. फोन स्वतःच्या रुंदीचे काही ठराविक काल्पनिक भाग पाडतो, आणि अक्षर किती भागांचं ते ॲपवाला सांगतो. खरी रुंदी तेवढीच राहिली आणि भागही साधारण तेवढेच पाडले, तर अक्षर तेवढंच राहणार. उंची वाढली म्हणून एका वेळी जास्त ओळी दिसतील, आधी पंधरा दिसत असतील तर आता वीस, पण प्रत्येक ओळ होती तेवढीच. वहीची पानं लांब केली म्हणून अक्षर मोठं होत नाही ना, तसंच.

त्यात मराठीचं थोडं जास्तच असतं. इंग्रजी अक्षर बारीक असलं तरी ओळखू येतं, आपल्याकडं वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'दृष्टी' हा शब्द बारीक अक्षरात वाचून बघा म्हणजे दृष्टीची परीक्षाच होते. टाइप करायला पण मराठी कीबोर्डवर अक्षरं जास्त, त्यामुळं एकेक कळ बारीक होते किंवा दाबून धरायला लागते, आणि ती कळ मोठी व्हायला लागते रुंदी, जी वाढलेलीच नाही! म्हणूनच कितीतरी लोक इंग्रजी अक्षरांत टाइप करतात किंवा सरळ माइक दाबून बोलतात.

आणि सातबारा. ह्याच्यावर कुणी बोलत नाही पण गावाकडं मोठी स्क्रीन मागायचं हे मोठं कारण आहे. डिजिटल सातबारा, लाइट बिल, बँकेचं स्टेटमेंट, शाळेची नोटीस, सगळं पीडीएफमध्ये, आणि पीडीएफ बनते ए-फोर कागदाच्या मापानं, २१० मिलीमीटर रुंद. ती ७० मिलीमीटरच्या स्क्रीनवर बसवली की बरोबर एक तृतीयांश होते, म्हणजे कागदावर बारा पॉइंटचं अक्षर फोनवर चार पॉइंटचं. दोन बोटांनी ताणायचं, मग डावीकडून उजवीकडं सरकवायचं, मग परत मागं, आणि तोपर्यंत आपण कुठल्या ओळीत होतो तेच विसरायचं. ह्याला फोन कितीही उंच केला तरी उपयोग शून्य, फोन आडवा धरला तर मात्र फरक पडतो, कारण तेव्हा उंचीची रुंदी होते. हे आत्याला दाखवलं तर तिला फार मोठा शोध लागल्यासारखं झालं.

हे सगळं खरं असलं तरी लोक मोठाच फोन घेतात, आणि मला नाही वाटत ते भोळे आहेत म्हणून. आपल्याकडं कारणं जरा वेगळी आहेत. अमेरिकेत फोन हा लॅपटॉप, टीव्ही, टॅब्लेट ह्यांच्या जोडीला आला. आपल्याकडं कितीतरी घरांत तो पहिलाच कॉम्प्युटर आणि पहिलाच कॅमेरा होता. २०१२ च्या आसपास मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २ आला, पाच इंची, दहा हजारात, आणि तोपर्यंत मोठी स्क्रीन म्हणजे श्रीमंतांची चैन असलेली एकदम कॉलेजच्या पोरांच्या हातात आली. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि ज्या फोनवर आपण महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरायचो त्याच्यावर लोक रोज पिक्चर बघायला लागले. आणि २०२० मध्ये तर शाळाच फोनवर आली. एका फोनवर दोन पोरं, समोर फळा, फळ्यावर बाईंचं अक्षर, त्या दिवसात कुठल्या आईबापाला वाटलं असेल की फोन जरा लहान असता तर बरं झालं असतं? घरात एकच स्क्रीन असेल तर ती मोठीच हवी, हा अगदी सरळ व्यवहार झाला.

मग लहान फोनवाले लोक नाहीतच का? आहेत ना, आणि फार आवाज करतात, मी त्यातलाच. २०१६ मध्ये ॲपलनं सांगितलं होतं की आदल्या वर्षी चार इंची आयफोन तीन कोटी विकले गेले, आणि मग त्यांनी चार इंची आयफोन एसई काढला. २०२० ला आयफोन १२ मिनी आला ५.४ इंची, आम्ही नाचलो. २०२१ ला १३ मिनी, आणि २०२२ ला नवा मिनी आलाच नाही, त्याच्या जागी ६.७ इंची प्लस. अँड्रॉइडमध्ये असूस कंपनी ५.९ इंचीचे झेनफोन काढायची, ८, ९, १०, आणि २०२४ चा झेनफोन ११ अल्ट्रा निघाला थेट ६.७८ इंची! २०२२ मध्ये पेबल ह्या स्मार्ट घड्याळवाल्या एरिक मिगिकोव्हस्कीनं तर लहान अँड्रॉइड फोनसाठी लोकांकडून नावं गोळा करायला घेतली होती, पुरेशी माणसं दाखवली तर एखादी कंपनी बनवेल म्हणून. सोसायटीच्या मीटिंगला बोलणारे चारच असतात आणि मतदान वेगळंच होतं, तशातला प्रकार आहे हा. लहान फोन हवा म्हणणारे आम्ही दुकानात गेलो की बॅटरी बघून मोठाच घेऊन येतो.

बॅटरीचं गणित समजून घ्या, कारण लहान फोन मेला तो मुख्यतः ह्याच्यामुळं. वन बीएचके आणि थ्री बीएचके फ्लॅट बघा. संडास-बाथरूम, किचनचा ओटा, ह्यांना लागणारी जागा दोन्हीकडं साधारण सारखीच, माणूस काही वन बीएचकेत लहान होत नाही. म्हणून लहान फ्लॅटमध्ये मार बसतो तो हॉलला. फोनमध्ये पण प्रोसेसर, कॅमेरे, स्पीकर, चार्जिंगचं भोक, सिमचा ट्रे हे सगळं लहान फोनलाही तेवढंच लागतं, त्यांना कमी करता येत नाही, आणि उरलेली जागा म्हणजे हॉल, तिथं बॅटरी. फोन वीस टक्के लहान केला तर बॅटरी वीस टक्के नाही, त्यापेक्षा खूप जास्त कमी होते. १३ मिनीत जेमतेम २,४०० एमएएचची बॅटरी होती (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). लहान स्क्रीनला वीज कमी लागते हे खरं, पण नेटवर्क शोधायला, मॅप चालवायला, कॅमेऱ्याला लागणारी वीज तेवढीच.

आणि धंद्याचं पण आहेच. फोनच्या स्क्रीन मोठ्या काचेवर एकदम बनवतात आणि मग कापतात, ओएलईडीसाठी, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या स्क्रीनसाठी, जी काच वापरतात ती साधारण दीड मीटर बाय १.८५ मीटर असते. ज्या मापाची मागणी कोटींत आहे ते माप स्वस्त पडतं, वेगळं माप पाहिजे तर वेगळा साचा, वेगळा बोर्ड, वेगळी तपासणी. शिंप्याकडं एकाच मापाचे शंभर गणवेश शिवायला टाकले की कसा दर लागतो तसं. आणि हे खाली आपल्यापर्यंत येतं, लहान फोन घेतलेल्यानं कोपऱ्यावरच्या टपरीत टेम्पर्ड ग्लास मागून बघावी, तो डबा उपसतो, तीन पाकिटं बघतो आणि म्हणतो, दादा ह्याचं नाही येत, ऑनलाइन बघा.

त्यामुळं आता उलटी गंगा वाहायला लागलीय. पूर्वी मोठी स्क्रीन म्हणजे महाग फोन. २०२५ मध्ये ६.९ इंची, ७,००० एमएएचचा रेडमी १५ पंधरा हजारांच्या आत आला, आणि 'कॉम्पॅक्ट' म्हणून जे आले, ६.३२ इंची वनप्लस १३एस, ६.३१ इंची विवो एक्स२०० एफई, ते पन्नास हजारांच्या वर! मोठ्या डब्यात सामान कसंही भरता येतं, लहान डब्यात भरायला कसब लागतं आणि कसबाचे पैसे लागतात. बॅटरीचा प्रश्न त्यांनी सोडवलाय तो सिलिकॉन-कार्बन बॅटरीनं, म्हणजे बॅटरीच्या एका टोकाला जे ग्राफाइट असतं त्यात सिलिकॉन मिसळायचं, सिलिकॉन लिथियम खूप जास्त धरून ठेवतं, फक्त चार्ज होताना फुगतं म्हणून कार्बनबरोबर मिसळून आवरायला लागतं. त्यामुळं १३एसमध्ये ५,८५० आणि एफईमध्ये ६,५०० एमएएच बसलेत. हॉल मोठा न करता माळा काढला म्हणा ना. पण ६.३ इंचाला लहान म्हणायचं हे ऐकायला अजून जड जातं, गॅलेक्सी नोट एक इंचानं कमी होता आणि आपण त्याला हसलो होतो.

घडीचे फोन हे ह्या सगळ्यावरचं उत्तर आहे असं कंपन्या २०१९ पासून सांगतायत. तत्त्वतः बरोबरच आहे, रुंदी वाढवायची आणि हातातही मावायचं तर घडीच घालावी लागणार, धोतराला आणि सतरंजीला आपण तेच करतो. पण किंमत बघितली की आत्याचा विषय तिथंच संपतो.

तर दुकानात परत येऊ. आत्याला म्हटलं, आत्या, फोन घ्यायचा तर बॅटरीसाठी घे, उजेडासाठी घे, उन्हात दिसतो म्हणून घे, अक्षरांसाठी घेऊ नको, त्याला सेटिंग आहे. जुन्याच फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन अक्षराचं माप दोन पायऱ्या वाढवलं, आणि त्याच्याखाली डिस्प्ले साइज असतं ते पण एक पायरी वाढवलं, म्हणजे नुसती अक्षरंच नाही, बटणं पण मोठी होतात. मघाशी सांगितलं ना फोन रुंदीचे भाग पाडतो, ते भागच कमी पाडायला सांगायचे, प्रत्येक भाग मोठा होतो. आत्यानं चाळिशी काढून बघितलं, परत लावून बघितलं, "अगोबाई, हे आधीच का नाही सांगितलंस!" दुकानदार माझ्याकडं असा बघत होता की काही विचारू नका.

तरी फोन घेतलाच तिनं, ६.७ इंचीच, जुन्याची बॅटरी दुपारपर्यंत पण टिकत नव्हती आणि त्याच्यापेक्षा लहान दुकानात नव्हताच. नव्यावरही अक्षरं मोठी करून दिली. परवा तिचा मेसेज आला, माइकवर बोलून पाठवलेला, "फोन छान आहे, दिसतं सगळं, पण एका ओळीत तीनच शब्द बसतात आणि तुझे मेसेज वाचायला चारदा वर सरकवायला लागतं, जरा थोडक्यात लिहीत जा."